पुरुमेंतातला आक्काचा वाटा

आक्का,

शुभाची ट्रंक भरून झाली. पिशवी मात्र सोप्यावर तशीच पडली आहे, आणि तिच्यामुळे सकाळपासून माझं दुकानाच्या पसऱ्यावर चित्त नाही. एका बाईने गूळ मागितला तर मी तिला साबणाची वडी काढून दिली. तिने ती परत माझ्यापुढे ठेवली. गावात सगळ्यांना माहीत आहे की बाबलची आक्का गेली, म्हणून सांभाळून घेतात. खरं कारण पिशवी आहे हे कोणाला सांगणार? शेवटी दुपारचं दुकान बंद केलं आणि हे लिहायला बसलो.

उद्या सकाळच्या गाडीने मी तुझ्या भाचीला, शुभाला घेऊन बार्शीला निघतो. तिचं नर्सिंगचं शिक्षण सुरू होतंय. हे सगळं तूच जमवलंस. तिथल्या दवाखान्यात चौकशी तू केलीस, शुभाला पटवलंस तू, आणि "माझ्या घरात ऱ्हवतली, तुका कसली काळजी?" असं म्हणून माझं तोंडही तूच बंद केलंस. आता घर आहे, भावोजी आहेत, पण तू नाहीस. एकट्या माणसाच्या घरात तरण्या पोरीला कसं ठेवायचं, असं भावोजी स्वतःच म्हणाले. म्हणजे ती वसतिगृहात राहणार आणि खाणावळीत जेवणार. जेवेल का? तेवढं एकच माझ्या डोक्यात फिरतंय. नाही जेवली तर माझ्यासारखी परत येईल, आणि मग आयुष्यभर इथेच मीठमिरची विकत बसेल.

हसशील तू. बहीण जाऊन महिना झाला नाही आणि भाऊ जेवणाचं रडगाणं गातोय. पण तुझ्या आजाराबद्दल आणि वयाबद्दल विचारायला येणाऱ्यांना मी सांगून सांगून थकलो आहे. ते सगळं इथे परत कशाला? आपण दोघं जन्मभर भांडलो ते जेवणावरूनच, आणि तू उत्तर अर्ध्यावर ठेवून गेलीस.

भांडणाचं मूळ म्हणजे माझी वास्कोची नोकरी. बंदरात कारकुनाची जागा मिळाली तेव्हा बाबांनी देवाला नारळ ठेवला होता. तेव्हा कोरगावहून वास्कोला जायचं तर तीन नद्या ओलांडाव्या लागत, आणि प्रत्येक काठावर फेरीबोटीची वाट बघत उभं राहायचं. तिथे एका बाईंकडे जेवणाची सोय झाली. बाई चांगल्या होत्या, हात सढळ होता, आग्रह करून वाढायच्या. पण बांगड्याच्या हुमणात तिरफळं नाहीत, आंबटाला कोकमाच्या सोलांऐवजी चिंच, आणि खोबरं असं भरड वाटलेलं की घास तोंडात फिरायचा. मी सोमवारी जायचो आणि शनिवारी संध्याकाळी घरी येऊन अधाशासारखा जेवायचो. एका सोमवारी गेलोच नाही. पोट दुखतं म्हणालो. बाबांनी दुसऱ्या दिवशी पसऱ्याची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

तू त्या वर्षी चतुर्थीला आलीस आणि सगळ्या माणसांत मला म्हणालीस, "लोक समुद्र ओलांडून ऱ्हवतत रे. तू तीन न्हंयो ओलांडून परत इलंस."

सगळे हसले, मीही हसलो. पण मला खरंच वाटायचं की चूक माझी नव्हती. ज्याला लहानपणापासून ताजा मासा, घरचा नारळ आणि परसातलं सोलाचं झाड मिळालं, त्याची जीभ दुसरीकडे रमत नाही, त्याला तो काय करणार? बाहेरून येणारा प्रत्येक माणूस आपल्या जेवणाचं तोंड भरून कौतुक करतो. मुंबईहून आलेले पाहुणे भात संपला तरी नुसती कढी पीत बसतात. मी हे तुझ्यापुढे पुरावा म्हणून मांडायचो. तू म्हणायचीस, "कवतिक आयकान आयकान आमची जीब माजली." मी म्हणायचो, माजली नाही, तिला कळतं. तू म्हणायचीस, कळत असतं तर तिला ज्वारीही कळली असती. यावर मी ओरडून बोलायचो.

आणि ओरडत असलो तरी आतून घाबरलेला असायचो, तुझ्यासाठी. तुझं लग्न भावोजींशी झालं तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं. माणूस सावंतवाडीकडचा, आपल्यासारखंच बोलणारा आणि आपल्यासारखंच खाणारा. पण पोस्टाने त्यांना उचलून बार्शीला टाकलं आणि ते तिथेच रमले. तिथे मासा नाही. नारळ असतो तो देवापुढे फोडायला. मी वास्कोत टिकलो नाही, तर ही तिथे काय गिळत असेल? तुम्हाला मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख तू आमच्यापर्यंत कधी येऊ दिलं नाहीस. मग मी तुझ्या जेवणाची काळजी धरून बसलो. ती निदान मला पिशवीत भरता येत होती.

आई होती तोवर मे महिन्यात पुरुमेंत भरताना ती तुझा वाटा आधी बाजूला काढायची. पावसाळाभर घराला पुरेल एवढे उकडे तांदूळ, सोलं, सुकी सुंगटं, खारे बांगडे, मिरच्या, नारळ, असं सगळं सोप्यावर मांडलं की ती म्हणायची, "पयलो वाटो आक्काचो." आई गेल्यावर ते माझ्याकडे आलं. आरोंद्याचा गंगाराम ट्रकमधून नारळ घेऊन बार्शीच्या बाजाराला जायचा आणि येताना आमच्यासारख्या पसरकारांसाठी डाळ घेऊन यायचा. पिशवी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून जायची. पुढे पुढे मी मे महिन्याची वाटही बघेनासा झालो. गंगाराम निघाला की पिशवी निघाली. आणि आपल्या घरची रीत अशी की कोणाचीही पिशवी रिकामी परत करायची नाही. त्यामुळे ती तुझ्याकडून भरून यायची. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, कधी हुलगे. त्याचं आम्ही काय करायचो ते पुढे सांगतो. आत्ता तेवढा धीर नाही.

गेल्या वर्षी राजभाषेवरून इथे रान पेटलं, तेव्हा पहिल्यांदा पिशवी थांबली. रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, बसच्या काचा फुटलेल्या, आज दुकान उघडायचं की नाही ते सकाळी शेजाऱ्याचं बघून ठरवायचं. गंगाराम पत्रादेवीच्या हद्दीवरून अलीकडे ट्रक आणायला तयार नव्हता. लोक कोकणी की मराठी म्हणून एकमेकांच्या घरी जायचे बंद झाले होते, आणि मला काळजी काय, तर आक्काची सोलं संपली असतील. तुझी भावजय शालन वैतागली. म्हणाली, गोवा जळतोय आणि यांचा जीव आमसुलात. तू शेजारच्या दुकानातून एकदा फोन लावलास. तो कसाबसा लागला, अर्धे शब्द वाऱ्यावर. मी तुला कोण काय बोलतंय ते सांगायला लागलो तर तू मधेच तोडलंस. "भाषा खंयची ती ठरतली सावकाश. तुमी जेवतास मा?" मी म्हटलं, आम्ही जेवतो गो, तुझं काय? तू म्हणालीस, माझं झकास चाललंय. मी फोन ठेवला आणि शालनला सांगितलं, खोटं बोलते.

नंतर रस्ते मोकळे झाले, तरी गंगारामने बरेच दिवस इकडची फेरी धरली नाही. मग यंदाच्या मे महिन्यात तू स्वतःच आलीस, भावोजींना न घेता, महिनाभराच्या तयारीने. तुला बसमधून उतरताना बघितलं आणि मी चकित झालो. वर्षभर आपल्या घरचं काही पोचलं नव्हतं आणि तू तर अंगाने भरली होतीस. गालावर तेज होतं. मी विचारलंही. तू हसून म्हणालीस, "औंदा माझ्या आंगाक लागला." मी समजलो, माझी थट्टा करते आहे.

गोव्याचं राज्य झाल्याची बातमी आली तेव्हा आपण दोघं सोप्यावर काजूच्या बिया निवडत होतो. रेडिओ पसऱ्यातून आत आणून ठेवला होता. देवळाकडे कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. तू बिया निवडता निवडता म्हणालीस, "राज्य झाला रे बाबल. आता तरी वास्कोक जाऊन जेवून ये." शुभा इतकी हसली की तिच्या मांडीवरचं सूप उलटलं.

त्याच दुपारी तू शुभाच्या शिक्षणाचा विषय काढलास. मी नको म्हणालो. का, ते सगळ्यांना माहीत होतं. शुभा माझ्यावर गेली आहे, हीच माझी धास्ती. डिचोलीला शालनच्या भावाकडे लग्नासाठी आठवडाभर राहिलो होतो, तेव्हा ही पोर पोदेराच्या उंड्या-पावावर आणि केळ्यांवर जगली. डिचोली म्हणजे काय परदेश? मामीने तिच्यासाठी वेगळं हुमण केलं, ते हिने बोटाने चाटून बघितलं आणि बाजूला सरकवलं. मी हे तुला सांगितलं तर तू म्हणालीस, तिथे तू शेजारी बसून तोंड वाकडं करत होतास, पोरीने काय करायचं? मला राग आला. मी उठून पुरुमेंताचे वाटे घालायला लागलो. तुझ्या वाट्यात सोलं टाकली, आणि शेवटी तुझंच चालून शुभा तुझ्याकडे येणार हे ठाऊक होतं, म्हणून तिच्यासाठी आणखी एक वाटा मांडला. तू जवळ येऊन बसलीस. शुभाच्या वाट्यातली सोलं उचलून परत मोठ्या ढिगात टाकलीस.

"शुभावांगडा पिशवी देऊ नको," तू म्हणालीस. "कित्याक, तां मागीर सांगतंय."

तेवढ्यात पसऱ्यावरून कोणीतरी हाक मारली आणि मी गेलो. परत आलो तेव्हा तू अंघोळीला गेली होतीस. पुढे आठवडाभर तू इथे होतीस, पण मी विचारलं नाही आणि नंतर सांगते म्हणालेलं तू सांगितलं नाहीस. आषाढ लागून थोडे दिवस झाले आणि तार आली.

तार हातात आल्यावर माणूस काय उचलतो? मी पिशवी उचलली. शालन दारात उभी राहून बघत होती. तिने हळूच विचारलं, आता कोणासाठी? मला ते ऐकू आलं आणि कळलंही. तरी मी सोलं, तांदूळ, खारे बांगडे, नारळ, सगळं भरलं आणि सावंतवाडीची बस धरली. कोल्हापूरला गाडी बदलताना एक माणूस म्हणाला, पाव्हणं, वास मारतोय. मी पिशवी मांडीवर घेतली. बार्शीला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. भावोजी ओट्यावर बसले होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, आणि मान खाली घातली.

दिवस झाले. तेराव्यानंतर तुझी वाडी दाखवायचं ठरलं, मेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढायचं म्हणून. मी म्हटलं, मी रांधतो. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या स्टोव्हवर मी बांगडा भाजला, खोबरं लावून किस्मूर केली, सोलांची कढी केली, उकड्या तांदळाचा भात केला. धुराने आणि वासाने सगळी गल्ली जागी झाली असेल. मी रडतही होतो आणि कांदाही चिरत होतो, काय कशामुळे ते सांगता येणार नाही. मनात एकच होतं की इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या माझ्या बहिणीला आज पोटभर घालायचं.

आणि तुझी शेजारीण विजयाबाई दारात आल्या. त्यांच्या हातात ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी आणि पिठल्याची वाटी. म्हणाल्या, ताईंच्या पानावर हे ठेवा, ताईंना हेच लागायचं. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो की बाई, तुमचे उपकार आहेत, पण माझी बहीण कोरगावची आहे, तिला काय लागायचं ते मला माहीत आहे. ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शेवटी भावोजी म्हणाले, दोन्ही ठेवा, तिचं ती बघेल.

दोन्ही ठेवलं. माळवदावर पान मांडलं आणि आम्ही तिघं जिन्याच्या तोंडाशी थांबलो. एक कावळा कठड्यावर येऊन बसला. आक्का, त्या वेळी मला वाटत होतं, आता निकालच लागायचा आहे. तू बांगड्याला शिवलीस तर मी जिंकणार होतो, आणि भाकरीला शिवलीस तर इतकी वर्षं मी कोणाला ओळखत होतो? कावळा एक उडी पुढे आला. तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून एक मांजर आलं, बांगडा उचलला आणि पलीकडच्या माळवदावर उडी मारून गेलं. कावळा उडाला. भावोजी हसायला लागले, आणि हसता हसता तिथेच पायरीवर बसून रडायला लागले. नंतर पान रिकामं झालं, पण आधी काय गेलं ते आमच्यापैकी कोणी बघितलं नाही.

दुपारी विजयाबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. मी जाणार नव्हतो, भावोजींनी ओढून नेलं. ताटात भाकरी आणि तुरीची आमटी होती. मी आमटीचा एक घोट घेतला आणि थांबलो. आमटीत सोलं होती, आपल्या परसातली. चव मी झोपेतही ओळखीन. मी वर बघितलं तर विजयाबाई म्हणाल्या, ताईंची आमसुलं, आमच्या गल्लीत सगळ्यांच्या आमटीत असतात.

मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता, तव्यावरची भाकरी उलटत. "दादा, राग मानू नका. तुमची पिशवी आली की ताई दोन दिवस भाकरीला हात लावायच्या न्हाईत. पिशवी उघडून नुसत्या जवळ बसायच्या. मग मला हाक मारायच्या, विजया, घेऊन जा बाई हे, हे घरात असलं की माझ्याच्यानं इथलं जेववत न्हाई."

शुभाच्या वाट्यातली सोलं तू का काढलीस ते तिथे, त्या ताटावर कळलं. औंदा अंगाला का लागलं तेही कळलं. वर्षभर पिशवी आली नाही, म्हणून तू वर्षभर सुखाने जेवलीस. आणि मी इथे नाक्यावर उभा राहून झाडं कधी हलवतात म्हणून देवाला नवस बोलत होतो.

पण मग तू स्पष्ट का नाही सांगितलंस गो? हे मात्र मला तुझ्याशी भांडायचंच आहे. भांडायला तर तू कधी घाबरली नाहीस. मी इथे बसून विचार करतो तेव्हा वाटतं, पिशवी थांबली असती तर आईचा "पयलो वाटो" पण थांबला असता, आणि ते तुला नको होतं. पिशवी यायला हवी होती आणि घरात राहायला नको होती. असं असेल का? की मला वाईट वाटेल म्हणून? की नुसतंच राहून गेलं? भावोजींना विचारलं तर म्हणाले, तिने मला कधी सांगितलं नाही, मी तर बांगडे मिटक्या मारत खायचो.

आता आमचं ऐक. मघाशी ठेवलं होतं ते. तुझं ज्वारीचं पीठ आम्ही कधी खाल्लं नाही. दरवेळी शालन डबा उघडायची, आम्ही दोघं त्याचा वास घ्यायचो, आणि ते गाईच्या आंबोणात जायचं. हुलगे कोंबड्यांनी खाल्ले. चटणी मात्र गंगाराम परस्पर मागून घ्यायचा. तू माहेरी यायचीस तेव्हा गाईच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचीस, कशी गुटगुटीत आहे बघ, काय घालता हिला? आणि शालन माझ्याकडे बघायची. मला वाटतं, तुला माहीत होतं. तू दरवेळी त्या गाईकडे जास्तच कौतुकाने बघायचीस. म्हणजे इतकी वर्षं ती पिशवी दोन्ही बाजूंनी गच्च भरून धावत होती आणि दोन्ही घरांत तिला कोणी तोंड लावत नव्हतं. तरी ती एकदाही रिकामी गेली नाही. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगून मला हसता येईल?

मी परत निघालो तेव्हा विजयाबाईंनी पिशवी भरून दिली. पीठ तुझ्या डब्यातलं होतं, तू जायच्या आदल्या आठवड्यात दळून आणलेलं. म्हणाल्या, शुभाला पाठवा, मी आहे. रविवारी जेवायला माझ्याकडे. मी त्यांना धन्यवाद म्हणालो, पण आदल्या दिवशी भाकरीच्या ताटावरून त्यांना तोडून बोललो, त्याबद्दल तोंड उघडलं नाही. उद्या बोलायचं आहे.

घरी आलो. शालनने सवयीने डबा उचलला आणि गोठ्याकडे निघाली. मी उठेपर्यंत शुभाने तिच्या हातातून डबा घेतला. म्हणाली, आत्येचं पीठ आहे. मग पोरगी परातीत पीठ घेऊन बसली. तू मे महिन्यात तिला एकदा भाकरी करून दाखवली होतीस म्हणे, मी पसऱ्यावर असताना. पहिली भाकरी थापताना फुटली, दुसरी तव्यावर मोडली. नंतर एक बरी झाली. तिने चटणी घेतली, भाकरी मोडली आणि माझ्या पुढ्यातही अर्धी ठेवली. मी खाल्ली. खोटं कशाला सांगू, मला आवडली नाही. घास कोरडा लागत होता आणि तुझी आठवण येऊन आणखी कोरडा होत होता. मी शुभाच्या तोंडाकडे बघत होतो, डिचोलीसारखं वाकडं होतंय का म्हणून. मग तू म्हणाली होतीस ते आठवलं आणि मी माझं तोंड सरळ केलं. मुद्दाम सावकाश चावत बसलो. शुभाने तिची अर्धी संपवली, माझ्या ताटलीतला उरलेला तुकडा घेतला आणि म्हणाली, "तिखट आसा, पण बरी लागता बाबा."

तेवढ्यावर मी तिला धाडतोय. एका भाकरीवर. एवढा कच्चा आधार घेऊन कोणी मुलगी परमुलखात पाठवतं का? दोन दिवसांनी घराची आठवण आली, अंगात कणकण असली, खाणावळीत डाळ कच्ची असली, तर काय करील ती? तू असतीस तर तिच्या ताटाशेजारी बसली असतीस. आणि तू असतीस तर मी ही अशी काळजी तुझ्यावर टाकून मोकळा झालो असतो, हेही खरं आहे. आता ती माझ्याकडेच राहणार. आपल्या जेवणाने आपण बाहेर बिघडतो की नाही, याचं उत्तर तू आयुष्य घालून दिलंस, आणि तरी पिशवीपुढे दोन दिवस उपाशी बसायचीस. मग जिंकलं कोण? मला कळत नाही. मला एवढंच हवंय की माझी पोर जेवावी.

शालनने सकाळीच पिशवी गच्च भरली. उकडे तांदूळ, सोलं, सुकी सुंगटं, नारळ, वर तिरफळांची पुडी. तिला मी विजयाबाईंचं सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, आक्का आक्का होत्या, माझी मुलगी उपाशी राहील. तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. इतकी वर्षं मीच तर हे करत आलो.

हे लिहिता लिहिता मधे उठलो आणि पिशवी रिकामी केली. तांदूळ तांदळात ओतले, सोलं बरणीत, सुंगटं डब्यात. एक नारळ घरंगळत अंगणात गेला. आवाज ऐकून शुभा आली. दारात उभी राहून बघत राहिली. मी पिशवी झटकली, घडी केली आणि तिच्या हातात दिली.

"रिती?" तिने विचारलं. आपल्या घरातून रिकामी पिशवी बाहेर जाताना तिने कधी बघितली नाही.

"रिती," मी म्हटलं. "येतना भरून हाड. तिकडचा काय बरा गावात ता."

तिकडून भरून आणायची ती पिशवी तिने ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवली. आई असती तर मला घरात घेतलं नसतं. तुझं काय म्हणणं पडलं असतं ते मला माहीत आहे, तरी ते तुझ्या तोंडून ऐकायला हवं होतं. पुढच्या मे महिन्यात पुरुमेंत मांडताना पहिला वाटा कोणाचा म्हणायचा, हेही तू सांगितलं नाहीस.

मी परत लिहायला बसलो तेव्हा शालन आतून आली. ट्रंकेपाशी वाकली, काहीतरी नीट केल्यासारखं केलं, आणि माझ्याकडे न बघता पदराला हात पुसत निघून गेली. आता इथे सोलांचा वास येतोय. बरणी मी उघडली होती म्हणूनही येत असेल. ट्रंक चार पावलांवर आहे, झाकण नुसतं लोटलेलं आहे. आक्का, मी उठून बघू, की असू दे? एवढं तरी मागीर म्हणू नको, आत्ताच सांग.